कार्डाचे पॉइंट्स एअरलाइनकडे वळवायचे कधी? (बोनस ३० तारखेला संपतोय)

सावकाश
मंडळी, अडलोय म्हणून धागा काढतोय. कार्डावर १,१५,००० पॉइंट्स साठलेत. बँकेचा एका एअरलाइन प्रोग्रॅमशी १:१ दर आहे (एका पॉइंटला एअरलाइनचा एक माइल), आणि सध्या त्यावर २५ टक्के बोनस चालू आहे, तो ३० तारखेला संपतो. मला आणि बायकोला बिझनेस क्लासने जायचंय, एकाच बाजूचं, माणशी ७०,००० माइल्स लागतात. म्हणजे दोघांचे १,४०,०००. बोनस धरला तर १,१२,००० पॉइंट्समध्ये काम होतं, नाही धरला तर होतच नाही. हिशोब इतका चपखल बसतोय की हात शिवशिवतायत.

घोडं अडलंय ते एका ठिकाणी. आम्हाला हव्या असलेल्या तारखांचं बुकिंग कॅलेंडर अजून उघडलेलं नाही. ते उघडेल तेव्हा बोनस संपून तीन आठवडे झालेले असतील. ७०,००० हा आकडा मी आधीच्या महिन्यांतल्या तारखांवर पाहिलाय.

वळवू की थांबू? एकदा वळवले की परत येत नाहीत, एवढं माहीत आहे.

रात्रपाळी
तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आलं की. थांबा.

निमित्तमात्र
रात्रपाळींना अनुमोदन, पण जरा इस्कटून सांगतो.

बँकेतल्या पॉइंटची खरी किंमत ही की तो अजून कुणाचाच झालेला नसतो. आज एका एअरलाइनकडे जाईल, उद्या दुसरीकडे, नाहीतर बिलात वळता होईल. वळवला की त्या एका दुकानाचं कुपन झालं. आणि त्या दुकानाचे दर कधी बदलतील हे दुकानदार ठरवतो. डेल्टाने २०१५ मध्ये दरपत्रकच (कुठे जायला किती माइल्स, याचा छापील तक्ता) काढून टाकलं. फ्लाइंग ब्लूने (एअर फ्रान्स-केएलएमचा प्रोग्रॅम) २०१८ मध्ये, युनायटेडने २०१९ मध्ये तोच रस्ता धरला. व्हर्जिन अटलांटिक ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी स्वतःच्या विमानांपुरती त्याच वाटेने गेली. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरने दरपत्रक ठेवलंय, पण जुलै २०२२ मध्ये आणि पुन्हा नोव्हेंबर २०२५ मध्ये दर चढवले.

तेव्हा सावकाश, पहिलं हे सांगा: तुमचा ७०,००० हा आकडा छापील दरपत्रकातला आहे की त्या दिवशी स्क्रीनवर दिसलेला? दुसरा असेल तर तुम्ही ज्या तारखा पाहिल्यात त्यांचा तुमच्या तारखांशी काहीही संबंध नाही. सुट्टीच्या आठवड्यात तोच आकडा दुप्पट दिसू शकतो.

वाटसरू_२
हे दरवेळी असंच होतं. 'एअरलाइन लबाड, बँक सुरक्षित' हे गृहीत धरून सगळे सल्ले. बँकेत पडून असलेले पॉइंट्स म्हणजे काही मुदत ठेव नव्हे! अमेरिकेतल्या चेस बँकेने २०१८ मध्ये कोरियन एअर हा भागीदार काढून टाकला. अमेरिकेत अ‍ॅमेक्सने (अमेरिकन एक्स्प्रेस) सप्टेंबर २०२५ पासून एमिरेट्सचा दर १:१ वरून ५:४ केला, म्हणजे बसल्या जागी पाचातला एक गेला. आपल्याकडे अ‍ॅक्सिसने २०२४ मध्ये अ‍ॅटलस कार्डाच्या भागीदारांचे दोन गट पाडले आणि दोन्हींना पॉइंट्स वळवण्याची वेगवेगळी वार्षिक मर्यादा घातली. ज्यांना वर्षभर थांबून एकदम वळवायचे होते ते बसले कपाळाला हात लावून.

२५ टक्के बोनस हा हातात आलेला नफा आहे. भाववाढ होईल ही भीती आहे. खात्रीचं सोडून भीतीवर निर्णय का घ्यायचा?

निमित्तमात्र
वाटसरू, बँकही दगा देते हे मान्य. पण अशा बदलांची बहुतेक वेळा आगाऊ सूचना मिळते, तेव्हा वळवता येतं. आज वळवायलाच हवे असं त्यातून निघत नाही. आणि बोनस हा काही ग्रहणासारखा दुर्मिळ नसतो. बोनस देणाऱ्या बँका तेच तेच भागीदार फिरवून फिरवून आणतात.

वाटसरू_२
आणि दार कायमचं बंद होणार असेल तर? उदाहरण देतो. अलास्का एअरलाइन्सने सप्टेंबर २०२४ मध्ये हवाईयन विकत घेतली. त्यानंतर हवाईयनचे माइल्स अलास्काकडे १:१ नेता येऊ लागले. अलास्काकडे अ‍ॅमेक्सचे पॉइंट्स थेट जात नव्हते, हवाईयनकडे जात होते. म्हणजे मागच्या दाराने वाट झाली. अ‍ॅमेक्सने ती ३० जून २०२५ ला बंद केली. त्याआधी कित्येकांनी सीट-बीट काही न बघता पॉइंट्स वळवले. त्यांना वेडं म्हणणार का?

निमित्तमात्र
नाही म्हणणार. कारण तिथे दुसऱ्या मार्गाने सहज न मिळणारी गोष्ट मिळत होती आणि तारीख पक्की होती. दार बंद होणं वेगळं, सेल संपणं वेगळं. सावकाश यांच्या बाबतीत सेल संपतोय. वार्षिक मर्यादा वाया जाणार असेल तर डिसेंबरात थोडे वळवून ठेवण्यातही मला तथ्य वाटतं. पण तेही 'थोडे'.

कोरा_कागद
मी या पंथातला नाही, बिलातून रक्कम कमी करून घेतो आणि निवांत झोपतो. तरी एक विचारतो. ही जी 'बिझनेस क्लासचं भाडं अमुक, आम्ही ते फुकटात मिळवलं' अशी गणितं मांडतात त्यांनी ते भाडं खिशातून कधी दिलं असतं का?

गणितीकाका
कोरा कागद यांनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. आकडे गुणोत्तरात मांडतो, चलन तुमचं तुम्ही घाला.

समजा बिझनेसचं रोख भाडं १००. माइल्सने काढलं तरी कर आणि सरचार्ज (एअरलाइनचा जादा आकार) मिळून ३० भरावे लागतात. वाचले ७०. बोनसमुळे यासाठी ५६,००० पॉइंट्स गेले. हेच पॉइंट्स बँकेच्या पोर्टलवर तिकिटासाठी वापरले असते तर समजा ४० मिळाले असते. सत्तर विरुद्ध चाळीस, वळवा! सगळे लेख इथे संपतात.

आता दुसरी बाजू. सावकाश यांनी खिशातून पैसे घालायची वेळ आली असती तर इकॉनॉमीचं तिकीट काढलं असतं. त्याचं भाडं समजा २५. म्हणजे 'फुकट' तिकिटाचे करच इकॉनॉमीच्या पूर्ण भाड्यापेक्षा जास्त झाले! हे मी विनोद म्हणून लिहीत नाही, ज्या कंपन्या अवॉर्ड तिकिटावर (माइल्सने काढलेल्या) जबर सरचार्ज लावतात त्यांच्याबाबत हे खरोखर घडतं. अशा वेळी प्रश्न 'किती वाचले' हा नसून 'खिशातून ५ जास्त घालून आणि ५६,००० पॉइंट्स देऊन पाय पसरून झोपायला मिळतं, मला ते हवंय का' असा आहे. हवं असेल तर खुशाल घ्यावं, चैन करायला माझी ना नाही. फक्त तिला बचत म्हणू नये. शिवाय अवॉर्ड तिकिटावर सहसा नवीन माइल्स जमत नाहीत, तेही वजा धरा.

माझा नियम: रोख भाडं म्हणून मी 'जे मी खरंच दिलं असतं' तो आकडा घालतो. छापील भाडं आणि इकॉनॉमी यांच्या मध्ये कुठेतरी तो असतो. समजा मी बिझनेससाठी ६० पर्यंत गेलो असतो. मग ६० वजा ३० बरोबर ३०. पोर्टलवरचे ४० त्याहून बरे.

सावकाश
काका, पोटात गोळा आला. माझ्या प्रोग्रॅमचे कर एवढे नाहीत, भाड्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास आहेत. निमित्तमात्र, ७०,००० हा छापील दरपत्रकातला आकडा आहे, आणि मी त्याच एअरलाइनच्या विमानाने जाणार आहे, भागीदाराच्या नाही.

गणितीकाका
मग वरच्याच उदाहरणात ३० च्या जागी १० घाला. ६० वजा १० बरोबर ५०, पोर्टलचे ४०. वळवण्याच्या बाजूने, पण थोडक्यात. बोनस नसता तर सीटला ५६,००० ऐवजी ७०,००० गेले असते, त्यांचे पोर्टलवर ५० आले असते, म्हणजे बरोबरी. तुमचा सगळा फायदा या बोनसवर उभा आहे, हे लक्षात असू द्या.

अनघा_स
सरचार्जवरून आठवलं. एकाच विमानातली एकच सीट वेगवेगळ्या प्रोग्रॅममधून वेगळ्या करांनी मिळते, हे नवीन लोकांना कुणी सांगत नाही. लुफ्तान्साच्या विमानाचं तिकीट त्यांच्याच माइल्स अँड मोअर प्रोग्रॅममधून काढलं तर सरचार्ज लागतो. युनायटेडच्या माइल्सने काढलं तर लागत नाही. एअर कॅनडाच्या एरोप्लॅनने २०२० च्या नव्या रचनेत तो काढून टाकला, तिथे भागीदाराच्या विमानासाठी छोटी बुकिंग फी तेवढी असते. तिन्ही स्टार अलायन्स या एकाच एअरलाइन गटातले. तेव्हा 'कधी वळवू' याच्या आधी 'कुणाकडे वळवू' हे बघायचं. नुसता मोठा बोनस बघून ज्याचा सरचार्ज जबर त्याच्याकडे गेलात तर बोनस तिथेच जिरला.

आणि सावकाश, एक कामाची युक्ती. तुमच्या तारखा उघडल्या नाहीत म्हणून हातावर हात ठेवून बसू नका. ब्रिटिश एअरवेज, सिंगापूर यांची कॅलेंडरं साधारण ३५५ दिवस आधी उघडतात, युनायटेडचं ३३७, अमेरिकन एअरलाइन्सचं ३३१. तुमच्या एअरलाइनचा आकडा काढा आणि आज रात्री जी तारीख नव्याने उघडेल ती बघा. तुमच्याच मार्गावर, त्याच क्लासमध्ये दोन सीट आहेत का? उद्याही बघा, परवाही. ३० तारखेपर्यंत तुम्हाला कळेल की ही कंपनी कॅलेंडर उघडताना सीट सोडते की नाही, आणि आठवड्याच्या कोणत्या वारी सोडते. शोधताना प्रवासी संख्या दोन ठेवायला विसरू नका. एक ठेवून शोधलं तर हिरवंगार दिसतं आणि बुकिंगच्या वेळी एकालाच घेतात.

वाटसरू_२
क्या बात है अनघाताई. वाचनखूण साठवली.

निमित्तमात्र
अनघा यांची सूचना सगळ्यात उपयोगी. त्यात एक भर. काही कंपन्या उघडताना किमान सीटची हमी देतात. ब्रिटिश एअरवेज लांब पल्ल्याच्या प्रत्येक विमानात किमान १४ अवॉर्ड सीट देते, त्यातल्या ४ बिझनेसच्या. अशी हमी असेल तर जोखीम निम्म्याने उतरते. त्या चार सीटवर पहाटे उठून टपून बसलेले लोक असतात, ते वेगळं.

उलट काही कंपन्या आधी काहीच सोडत नाहीत आणि उड्डाणाच्या दोन आठवडे आधी रिकाम्या सीट मोकळ्या करतात. तिथे कॅलेंडर उघडायची वाट बघण्यात अर्थ नाही आणि आत्ता वळवण्यात तर अजिबातच नाही.

हरवलेली_बॅग
नवीन सभासद, वाचत होतो. सीट दिसते आहे, पॉइंट्स बँकेत आहेत, वळवायला दोन-तीन दिवस लागतात. तेवढ्यात सीट गेली तर? 'सीट दिसल्यावरच वळवा' हा नियम तिथे कसा चालायचा?

निमित्तमात्र
फार योग्य प्रश्न. हा नियम मुळात जिथे पॉइंट्स लगेच पोचतात त्या ठिकाणांसाठी आहे. फ्लाइंग ब्लू, एरोप्लॅन यांच्याकडे अमेरिकन बँकांचे पॉइंट्स बहुतेक वेळा काही मिनिटांत जातात. क्रिसफ्लायरला एखादा दिवस, जपानच्या एएनएला दोन-तीन दिवस. भारतातल्या बँकांकडून तर आणखी वेळ लागू शकतो. म्हणजे वेग हा एअरलाइनइतकाच तुमच्या बँकेवरही अवलंबून.

जिथे वेळ लागतो तिथे मी स्वतःला असं विचारतो: ही सीट गेली तर याच माइल्सवर मी घेईन असा दुसरा प्रवास आहे का? 'कधीतरी कुठेतरी' नव्हे. ठिकाण ठरलेलं, साधारण महिना ठरलेला, आणि माइल्सची मुदत संपायच्या आत. असेल तर वळवतो, मग पहिली सीट गेली तरी फार बिघडत नाही. नसेल तर कितीही सुंदर सीट असो, सोडून देतो. काही कंपन्या फोन केला तर माइल्स नसतानाही सीट थोडा वेळ धरून ठेवतात, तेही विचारून बघावं.

मुदतीचं म्हणाल तर क्रिसफ्लायरचे माइल्स ३६ महिन्यांनी जातातच, खात्यात हालचाल असो वा नसो. एव्हिओसला (ब्रिटिश एअरवेज, आयबेरिया यांचे माइल्स) ३६ महिन्यांत एखादी हालचाल पुरते. युनायटेडने २०१९ मध्ये मुदतच काढून टाकली. ज्यांची मुदत हालचालीवर पुढे जाते तिथे छोट्या रकमेचे पॉइंट्स वळवून जुने माइल्स जिवंत ठेवता येतात. आगाऊ वळवण्याचं हे एक रास्त कारण.

वाटसरू_२
म्हणजे शेवटी माझ्याच मुद्द्यावर आलात, आगाऊ वळवणं सरसकट चूक नाही. :)

निमित्तमात्र
सरसकट कुणी म्हटलं होतं? रात्रपाळींनी म्हटलं असेल.

रात्रपाळी
मी एकच शब्द लिहिला होता, तोही कुणाला पचेना.

गणितीकाका
सावकाश, एक मधला मार्ग. बोनस असताना एकाच सीटपुरते ५६,००० वळवा, ७०,००० होतील. बँकेत ५९,००० राहतील. कॅलेंडर उघडलं की दुसऱ्या सीटला ११,००० कमी पडतील, तेवढे एअरलाइनकडून विकत घ्या. विकतचे माइल्स महाग असतात, पण ११,००० ला ते सोसतं, आणि निम्मे पॉइंट्स मोकळे राहतात.

अनघा_स
काका, गणित बरोबर पण संसाराच्या दृष्टीने वाईट. सीट एकच मिळाली तर बिझनेसमध्ये कोण बसणार? आणि दोन सीट मिळणारच नसतील तर ते ७०,००० तरी काय कामाचे? या प्रकरणात दोन्ही सीट किंवा काहीच नाही, त्यामुळे निम्मे वळवून जोखीम निम्मी होत नाही. तीच राहते, वर माइल्स विकत घ्यायचा खर्च.

गणितीकाका
हरलो.

सावकाश
अनघा यांनी सांगितल्याप्रमाणे रोज रात्री नवी उघडलेली तारीख बघतोय. चित्र असं: सोमवार ते गुरुवार दोन सीट असतातच. शुक्रवारी कधी एक, कधी शून्य. शनिवारी शून्य. आम्ही शनिवारचं धरून चाललो होतो. बुधवारी निघायला बायको तयार आहे, मला एक रजा जास्त टाकावी लागेल. निमित्तमात्र यांच्या प्रश्नावरही विचार केला. ही सीट नाहीच मिळाली तर याच प्रोग्रॅममधून तिच्या भावाकडे जाता येईल, ते पुढच्या वर्षी ठरलेलंच आहे, आणि तिथे दोघांना इकॉनॉमीत जाऊन येऊन एवढेच माइल्स पुरतात. मुदत ३६ महिने. तेव्हा वळवायचं ठरवतोय.

निमित्तमात्र
मग माझा आक्षेप नाही. एकच: दरपत्रक बदलणार असल्याची काही घोषणा झाली आहे का ते त्यांच्या साइटवर बघून घ्या.

अनघा_स
वळवायच्या आधी दोन गोष्टी. एअरलाइनच्या खात्यावरचं नाव आणि कार्डावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का बघा. एकीकडे वडिलांचं नाव मध्ये आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरून ट्रान्सफर अडकतं आणि मग बँक एअरलाइनकडे बोट दाखवते, एअरलाइन बँकेकडे. खातं अगदी नवीन असेल तरी अडचण येऊ शकते. आयबेरियाच्या खात्यातून एव्हिओस हलवायला खातं ९० दिवस जुनं लागतं हा अनेकांना नडलेला नियम. म्हणून खाती फुकट असतात तेव्हा आधीच उघडून ठेवावीत, पॉइंट्स नंतर.

आणि एकदम १,१२,००० टाकू नका. आधी किमान रक्कम, बहुधा १,००० असेल, ती टाका. १,२५० आले की बाकीचे. बोनस काही ठिकाणी मूळ माइल्सबरोबर न येता मागाहून जमा होतो, तर तेही कळेल. अगदी २९ तारखेपर्यंत थांबू नका.

सावकाश
१,००० टाकले होते. तिसऱ्या दिवशी १,२५० आले, बोनस बरोबरच. बाकीचे १,११,००० आज टाकले.

हरवलेली_बॅग
अभिनंदन! आता माझा अवांतर प्रश्न. समजा यांनी तिकीट काढलं आणि रद्द करावं लागलं, तर पॉइंट्स बँकेत परत येतात का?

वाटसरू_२
नाही. माइल्स एअरलाइनच्या खात्यात परत येतात, कर परत मिळतात, प्रोग्रॅमप्रमाणे थोडी फी कापतात. बँकेपर्यंत उलटा रस्ता नाही. आणि मूळ मुदत आधीच उलटून गेली असेल तर बऱ्याच ठिकाणी ते माइल्स परत येताच बाद होतात. रद्द करण्याआधी ते तपासा.

हरवलेली_बॅग
धन्यवाद. आणि माझ्या खात्यातल्या माइल्सवर मित्राचं तिकीट काढता येतं का?

अनघा_स
प्रोग्रॅमवर आहे. फ्लाइंग ब्लू, युनायटेड यांच्याकडे कुणाचंही काढा. क्रिसफ्लायरमध्ये आधी नामनिर्देशित व्यक्ती म्हणून नोंदवावं लागतं, अशा पाच जागा असतात. एएनएमध्ये फक्त जवळच्या नात्यातल्यांचं निघतं, मित्र चालत नाही. पॉइंट्स वळवण्याआधी बघायच्या यादीत हेही घाला.